हुजुरांचा ऑब्री, मजुरांची मॉरीन

ऑब्री हॅविंडनची बायको प्रू मॉरीन टॅटरसॉलला ‘माझी सवत’ म्हणायची, आणि तेही मॉरीनच्या तोंडावर. मॉरीनला त्याचं काही वाटत नसे. ती सत्तरीला टेकलेली, लँकशरमधल्या बंद गिरण्यांच्या गावची. आधी शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधलं, मग मजूर पक्षाकडून खासदार झाली. ऑब्री हुजूर पक्षाचा, वेल्सच्या सीमेजवळच्या डोंगराळ भागातून एकोणतीस वर्षं निवडून येणारा. मेंढ्या जास्त आणि मतदार कमी अशी ती जागा, पण तिनं त्याला कधी दगा दिला नव्हता.

या दोघांची जोडी संसदेच्या जुन्या रिवाजानं जमलेली. समोरासमोरच्या बाकांवरचे दोन खासदार एकमेकांना शब्द देतात की तू मतदानाला नसशील तेव्हा मीही मत देणार नाही. तुमचं एक कमी, आमचं एक कमी, निकाल जिथल्या तिथं. प्रतोदांना विचारावं लागतं, पण कागद नाही, सही नाही. बावीस वर्षांत दोघांनी शब्द मोडला नव्हता. मॉरीनचा नवरा लेन अकरा आठवडे दवाखान्यात होता, तेव्हा ऑब्रीच्या प्रतोदांनी त्याच्या हातापाया पडून पाहिलं, पण तो सभागृहाबाहेर बसून राहिला. लेन गेला त्या दिवशीही तो बाहेरच बसला होता.

त्या हिवाळ्यात हुजूर पक्षात भाऊबंदकी माजली होती. युरोपातून बाहेर पडायचं हे लोकांनी ठरवून दोन वर्षं उलटली, पण कसं पडायचं ते सरकारला ठरवता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी पक्षातल्याच काही जणांनी एक दुरुस्ती आणली. करार न करता बाहेर पडायचं असेल तर आधी संसदेची परवानगी घ्या, एवढंच तिच्यात होतं. सरकारला तेवढंही पचेना. जो कोणी दुरुस्तीच्या बाजूनं मत देईल त्याला पक्षातून काढू, असा निरोप फिरला. ऑब्रीच्या मतदारसंघाच्या समितीनं तर पत्रच धाडलं की बंडखोराला पुढचं तिकीट मिळणार नाही.

ऑब्रीला पुढचं तिकीट हवं होतं. कुणी विचारलं तर तो लोकसेवा वगैरे सांगायचा, पण खरं कारण साधं होतं. त्याला संसद आवडायची. तिथला बेचव चहा, थंडगार जिने, एकमेकांवर खेकसून मग एकाच टेबलावर जेवणारी माणसं, यांच्याशिवाय अडुसष्टाव्या वर्षी घरी बसून प्रूच्या कोंबड्या मोजायच्या, हे त्याच्या जिवावर यायचं.

पण दुसरीकडे प्रॉसर होता. प्रॉसर म्हणजे वरच्या खोऱ्यातला मेंढ्या पाळणारा, वर्षाकाठी नऊशे कोकरं फ्रान्सला पाठवणारा. करार झाला नाही तर ती कोकरं कोण घेणार, हे त्यानं ऑब्रीला गोठ्यात उभं करून विचारलं होतं. प्रॉसरला जास्त बोलायची सवय नाही. ऑब्रीनं त्याला सांगितलं होतं, “मी दुरुस्तीला मत देईन.” प्रॉसरनं मान हलवली आणि पुन्हा मेंढीचे खूर कापायला घेतले.

मतदान बुधवारी संध्याकाळी सातला होतं. दुपारी बारा वाजता टोबी फॅनशॉ हा हुजुरांचा प्रतोद ऑब्रीला गाठायला आला. कळप मोजणं हे प्रतोदाचं काम, आणि टोबीला कुठली मेंढी कुंपणावरून उडी मारून जाणार ते वासावरून कळायचं. धमकी द्यायला आला असेल असं ऑब्रीला वाटलं, पण टोबीच्या तोंडात साखर होती.

“सर, दमलेले दिसता.”

“वय झालं.”

“मग आज घरी का जात नाही? मिसेस टॅटरसॉलबरोबर जोडी लावून टाकतो. पावणेचारची गाडी मिळेल. मॅडमच्या हातचं गरम जेवा.”

“आज? आज तर तुम्ही मेलेल्यांनाही उठवून आणणार होतात ना?”

“तुमची गोष्ट वेगळी, सर. एकोणतीस वर्षांची सेवा आहे.”

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मत द्यायला नको, तिकीट जायला नको, आणि प्रॉसरला सांगायला कारणही तयार की जोडीचा रिवाज आहे बाबा, माझा इलाज नव्हता. ऑब्री हो म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच थोडी लाज वाटली.

चहाच्या खोलीत मॉरीन भाजलेल्या बनला लोणी लावत बसली होती. ती लोणी लावायची म्हणजे बन दिसेनासा करायची.

“ये, बस,” ती म्हणाली. “ऐकलंस ना? आज दोघांनाही सुट्टी.”

“तुला कुणी सांगितलं?”

“आमच्या प्रतोदानं, डेक्लननं. सकाळीच आला दात काढत. म्हणे, मॉरीन, तुझे गुडघे दुखत असतील, ऑब्रीबरोबर जोडी लावून जा घरी. बावीस वर्षांत या प्रतोदांना माझ्या गुडघ्यांची कधी आठवण झाली नाही.”

ऑब्रीनं कप खाली ठेवला. “मॉरीन, तू कुणाला मत देणार होतीस?”

ती लोणी लावायची थांबली. “तू आधी सांग.”

“दुरुस्तीला. तुमच्या बाजूनं.”

“अरे देवा,” मॉरीन म्हणाली. “मी सरकारच्या बाजूनं देणार होते. माझ्या गावानं बाहेर पडा म्हणून सांगितलंय, तीनातल्या दोघांनी. मला स्वतःला ते पटलेलं नाही. पण ज्या बायांबरोबर मी बटाटे सोलले त्या मला विचारणार, मॉरीन, आम्ही सांगितलेलं ऐकू आलं नाही का गं?”

मग तिनं साखरेचे दोन खडे काढले, एक पांढरा, एक तपकिरी, आणि टेबलावर समोरासमोर ठेवले. “हा तू, ही मी. तुमच्या टोबीला वाटतंय, तू घरी गेलास म्हणजे एक बंडखोर टळला, वर मजुरांची एक म्हातारी फुकटात गेली. आणि आमच्या डेक्लनला वाटतंय, मी घरी गेले म्हणजे एक बंडखोर टळली, वर हुजुरांचा एक म्हातारा फुकटात गेला.” तिनं खड्यांची अदलाबदल केली. “आणि आपण तर नुसते जागा बदलून बसलोय. तू इकडे, मी तिकडे. राहिलो काय, गेलो काय, आकडा तोच.”

दोघं इतके हसले की पलीकडच्या टेबलावरच्या एका माजी मंत्र्यानं वर्तमानपत्र खाली करून पाहिलं.

“म्हणजे दोघेही चोरावर मोर,” ऑब्री डोळे पुसत म्हणाला.

“आणि मोरांना पत्ताच नाही. जा, गाडी पकड. प्रूला सांग, सवतीनं रजा मंजूर केली.”

ऑब्री कोट घ्यायला गेला. कोटाच्या खुंट्यांना अजून तलवारी अडकवायच्या गुलाबी फिती बांधलेल्या असतात, आणि कित्येक वर्षांत कुणी तलवार आणलेली नाही. त्यानं एक हात बाहीत घातला आणि दुसऱ्या हातानं घरी फोन लावला.

“मी येतोय,” तो म्हणाला. “आठपर्यंत पोचेन.”

“आज?” प्रू म्हणाली. “मतदान रद्द झालं?”

“नाही. मॉरीनबरोबर जोडी लागली.”

प्रू म्हणाली, “बरं. कोंबडी भाजते. आणि प्रॉसरचा फोन आला होता. सात वाजता टीव्हीपुढे बसणार आहे म्हणाला. उद्या यादीही बघणार आहे, कुणी काय मत दिलं त्याची. त्याला मी काय सांगू?”

“जोडीचं सांग.”

“ते यादीत लिहितात का?”

“नाही. यादीत नुसतं नाव नसतं.”

“हं,” प्रू म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात या एका ‘हं’नं ऑब्रीचं जेवढं कामकाज थांबवलं होतं, तेवढं सभापतींनीही थांबवलं नव्हतं.

तो एक हात बाहीत आणि एक हात बाहेर असा तिथंच उभा राहिला. साखरेच्या खड्यांचं गणित चोख होतं, त्यात खोट नव्हती. पण प्रॉसर गणित बघणार नव्हता. तो नाव बघणार होता, आणि नाव नसलेलं पाहून त्याला जे वाटणार होतं ते खरंच होतं. साहेब घाबरले. दुपारी बाराला टोबीनं सुट्टी दिली तेव्हा आपल्याला किती आनंद झाला होता, ते ऑब्रीला आठवलं. त्यानं कोट परत खुंटीला लावला.

मॉरीन अजून तिथंच होती.

“मॉरीन, मला मोकळं कर.”

“बावीस वर्षांनी काडीमोड मागतोस?”

“थट्टा नाही. तुझा शब्द माझ्याकडे आहे, माझा तुझ्याकडे. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही, आणि तुला बोलही लावणार नाही. पण मला आत जायचंय.”

बनचा शेवटचा तुकडा मॉरीननं सावकाश खाल्ला, बोटं पुसली. ऑब्रीला एकदम कळलं की सुट्टी मिळाल्याचा आनंद तिलाही झाला होता, आणि तोही त्याच कारणानं.

“तू गेलास तर मला जावंच लागणार,” ती अखेर म्हणाली. “नाहीतर माझ्या गावाचं एक मत तू फुकट खाल्लंस असं होईल. पक्षात चाळीस वर्षं काढली मी, ऑब्री. लेनची आणि माझी गाठ पक्षाच्या सभेत पडली. उद्या तिथं कुणी माझ्याशी बोलणार नाही.”

“मग राहू दे.”

“राहू दे काय? तुझं तिकीट जाणार, आणि मी इथं बसून लोणी खाऊ?” ती टेबलाला धरून उठली. गुडघे खरंच दुखत होते. “जा. मोकळा केला तुला.”

टोबीला न सांगता जाणं ऑब्रीला जमण्यासारखं नव्हतं. जिन्यात गाठून त्यानं सांगितलं की जोडी सुटली आणि तो दुरुस्तीला मत देणार. टोबीच्या तोंडातली साखर विरघळून गेली.

“सर, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? मी तुमच्यासाठी सोय केली, आणि आता तुमचंही गेलं, तिचंही आलं. दोन मतांचा फटका. दोन मतांवर सरकारं पडतात, सर.”

मॉरीन कुठं मत देणार हे सांगितलं असतं तर टोबीचा जीव भांड्यात पडला असता, आणि कदाचित ऑब्रीवरचा रागही उतरला असता. पण ते गुपित ऑब्रीचं नव्हतं. तो म्हणाला, “माफ कर, टोबी,” आणि पुढे निघाला.

सातला घंटा वाजली. मत द्यायचं म्हणजे दालनातून चालत जायचं; हो म्हणणाऱ्यांचं दालन एका बाजूला आणि नाही म्हणणाऱ्यांचं दुसऱ्या बाजूला. सभागृहाच्या मधोमध ऑब्री आणि मॉरीन समोरासमोर आले, तो तिकडे निघालेला, ती इकडे.

“आमच्यातल्या जाड्यापासून लांब उभा राहा,” ती म्हणाली. “पायावर पाय देतो.”

“आमच्यातले हात मिळवतील, पण बोटं मोजून घे.”

दालनात मजूर पक्षाची गर्दी होती, आणि तिच्यात हुजूर पक्षातले पंधरा-सोळा जण परक्या लग्नात आल्यासारखे भिंतीला चिकटून उभे. मॉरीननं सांगितलेला जाड्या खरंच होता. हाच गृहस्थ वीस वर्षं ऑब्री बोलायला उठला की ‘खाली बस’ म्हणून ओरडायचा. त्यानं खिशातून पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी काढून पुढे केली. ऑब्रीनं एक घेतली. दारात कारकुनानं त्याच्या नावावर खूण केली, मोजणाऱ्यांनी आकडा म्हटला, आणि तो बाहेर आला. एवढंच झालं. याचीच तो तीन महिने झोप मोडून काळजी करत होता.

सरकार अकरा मतांनी हरलं. ती दोघं घरी गेली असती तरी अकरानंच हरलं असतं.

तासाभरात निरोप आला की पक्षानं हॅविंडन यांना बाहेर काढलं आहे. त्यानं घरी फोन केला.

“बातम्यांत आलं,” प्रू म्हणाली. “नावासकट. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव नीट उच्चारलं.”

“प्रॉसर काही म्हणाला?”

“फोन केला होता. म्हणाला, साहेबांना सांगा, बघितलं.”

“एवढंच?”

“एवढंच. मग बराच वेळ फोन धरून होता. मीही धरून होते.”

ऑब्री प्रूला म्हणाला की कोंबडी उद्यासाठी ठेव.

गुरुवारी सकाळी साडेनऊला सभागृहाची प्रार्थना असते. ऑब्री वेळेवर पोचला तेव्हा त्याच्या नेहमीच्या जागेवर एका पोरसवदा खासदाराच्या नावाचं कार्ड खोचलेलं होतं. टोबी समोरच उभा होता, पण त्याला छतात काहीतरी महत्त्वाचं दिसत होतं. पक्ष नसलेल्या माणसानं कुठं बसायचं याचा नियम नाही. ऑब्री मधली वाट ओलांडून पलीकडे गेला.

मागच्या रांगेच्या टोकाला मॉरीन एकटीच बसली होती. तिला पक्षातून काढलं नव्हतं, पण तिच्या आणि शेजारच्या माणसाच्या मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा होती.

“इथं कुणी बसतं का?” त्यानं विचारलं.

“कालपर्यंत बसायचे.”

तो बसला. समोर त्याचा जुना बाक होता. इतकी वर्षं त्यावर बसला, पण समोरून तो त्यानं कधी नीट पाहिलाच नव्हता. त्याच्या जागेचं हिरवं चामडं मधोमध खोलगट झालं होतं, आणि तो पोरसवदा खासदार त्यात नीट मावत नव्हता. ऑब्रीला हसू आलं.

पाद्री आले. सगळे उठले आणि रिवाजाप्रमाणे आपापल्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इथं प्रार्थना अशीच म्हणतात, एका बाजूची दुसऱ्या बाजूकडे पाठ. बावीस वर्षं रोज प्रार्थनेला ऑब्री आणि मॉरीन एकमेकांकडे पाठ करून उभे राहत आले होते. आज दोघांपुढे एकच भिंत होती.

“आता आपली जोडी लागायची नाही,” मॉरीन प्रार्थनेत पुटपुटली. “तुला पक्षच नाही. निवडणुकीपर्यंत प्रत्येक मतदानाला हजर राहावं लागेल तुला. रजा बंद.”

“निवडणुकीला किती महिने राहिलेत?”

“असतील नऊ-दहा. फार तर वर्षभर.”

“मग रजा घेऊन जाऊ कुठं?” ऑब्री म्हणाला, आणि तिच्याबरोबर ‘आमेन’ म्हणाला.