जानेवारी-फेब्रुवारीची बेरीज

हर्षदच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तो माझा जुना विद्यार्थी, आता एका अर्थशास्त्र संस्थेचा संचालक. चिनी अर्थव्यवस्थेवरच्या माझ्या लेखांचा संग्रह ती संस्था काढणार होती. त्याने लिहिलं होतं, 'सर, वीजवापरावरून चिनी सरकारचे वाढीचे आकडे खोटे ठरवणारा तो मंदीवरचा लेख वगळू या. त्या वर्षी फेब्रुवारीत तिथला वीजवापर चांगलाच वाढला होता आणि तुम्ही घटला म्हणता. लोक हसतील. उत्तर आलं नाही तर संमती समजतो.'

मी उत्तर न देणारा माणूस आहे, हे त्याला वर्गापासून ठाऊक.

चिनी भाषा मी शिकलो ती प्रांतांचे अहवाल वाचण्यापुरती. बीजिंगला गेलो तेव्हा मला धड चहासुद्धा मागता आला नव्हता. त्यामुळे हर्षदचंच बरोबर असेल, असं वाटत राहिलं. लेख पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडेना.

चिनी नववर्ष चंद्रावर चालतं. आदल्या वर्षी ते फेब्रुवारीत आलं, कारखाने बंद राहिले. त्या वर्षी आलं जानेवारीत. मग फेब्रुवारी भरलेला दिसणारच. दोन्ही महिने एकत्र धरले की घट उघडी पडते. वेसाव्याच्या कोळीवाड्यात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. आमच्या होड्या नारळी पुनवेनंतर समुद्रात जायच्या, आणि पुनव कधी ऑगस्टच्या सुरुवातीला, कधी अखेरीला. नुसता ऑगस्ट ऑगस्टशी ताडून मासळी वाढली म्हणणाऱ्याला बाजारात कुणी उभं केलं नसतं.

धाकटी बहीण द्रौपदी सुके बोंबील घेऊन आली होती. पत्राचं ऐकून म्हणाली, "मग नाही म्हण ना."

"मोठा माणूस आहे गं तो आता. माझंच चुकलं असेल तर?"

"चुकलंय का?"

"नाही."

"मग? चीनच्या सरकारचे आकडे खोटे पाडतोस, नि स्वतः शिकवलेल्या पोराला घाबरतोस!"

"पुस्तकच रद्द केलं तर?"

"करू दे. एवढी वर्षं कोण वाचत होतं रे तुला?"

हे खरंच होतं. मी हसलो आणि कागद घेतला.

'प्रिय हर्षद, संमती नाही. दोन्ही महिन्यांची बेरीज सोबत आहे. ती खोडून दाखव, लेख मी स्वतः मागे घेईन. तोवर छापायचं तर सगळं छाप, नाहीतर काहीच नको.'

खाली सवयीने 'क्षमस्व' लिहिलं. मग पत्र फाडून, त्या शब्दावाचून पुन्हा लिहिलं आणि पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवलं.