पांढऱ्या लादीवरची पावलं

“पांढरी लादी घालू नको गो, किशोरी. खाडयेकाठचा घर ता. पायांचो मळ सगळो दिसतलो.”

शेजारच्या पद्मावतीकाकी जोत्यावर उभ्या राहून हे म्हणाल्या, तेव्हा लाद्यांची खोकी टेम्पोतून उतरत होती. दिसला तर पुसू, असं काहीतरी मी हसून म्हणाले. माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. माझी लेक तन्वी दुडूदुडू पायऱ्यांकडे निघाली होती आणि पायऱ्यांच्या खाली पाणी होतं.

त्या दिवसांत मी सतत अशीच असायचे. मी आतल्या गावची, काजूच्या बागेत वाढलेली. आमच्याकडे पाणी विहिरीत राहतं, अंगणात येत नाही. इथे तोंडवलीत भरतीला खाडी थेट कुंपणाच्या दगडी गडग्याला येऊन टेकायची. माझा नवरा कौस्तुभ बहारीनला नोकरीला. आम्हा दोघींना तिकडे नेण्याची परवानगी त्याला मिळाली आणि नेमकं त्याच सुमाराला घर पुरं झालं. म्हणजे घर लावायचं आणि काही वर्षांसाठी लगेच सोडूनही जायचं. एकीकडे मी नवे पडदे अडकवत होते, दुसरीकडे नव्या गाद्यांवर प्लास्टिक चढवत होते. पायऱ्यांना फाटक करून घेतलं, फाटकाला कडी, कडीला कुलूप. तरी जेवता जेवता उठून कुलूप ओढून बघायचे.

घर मात्र बंद ठेवायचं नव्हतं. घरभरणी झालेल्या घरात संध्याकाळी दिवा लागायलाच हवा, यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. तो लावणार होती तुळसाआते, माझ्या सासऱ्यांची बहीण.

आतेचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला आणि ती माहेरी परतली. पुढे माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा लहानगा कौस्तुभ तिच्या कडेवर आला. त्याला तिने खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, विकून वाढवला. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की कंबरभर पाण्यात उतरायचं, अनवाणी तळव्यांनी चिखल चाचपायचा, शिंपला लागला की बुडी मारून उचलायचा. तिचे पाय तिला सगळं सांगायचे. टोपली भरली की बाजार.

अलीकडे टोपली अर्धीच भरायची.

“खाडयेत तिसऱ्योच रवाक नाय,” आते म्हणायची. “ह्या पद्मावतीक खंय गावतत कोण जाणा. जागो सांगना नाय माका, चोरटी.”

“तुझ्याच बाजूक उभी आसतंय मी,” काकी गडग्यापलीकडून म्हणायच्या. “आता काय माझ्या टोपलेतल्यो तुझ्या टोपलेत घालू?”

“घाल की. हात मोडले काय तुझे?”

घरभरणीच्या दिवशी कुंकवाच्या पाण्यात पावलं बुडवून मी घरात शिरले. दारापासून देवापर्यंत पांढऱ्या लादीवर लाल पावलं उमटली. आते ती वाकून वाकून बघत होती, आलेल्या प्रत्येकाला दाखवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घासून काढली आणि सामानाच्या मागे लागले.

दुपारी स्वयंपाकघरात आले तर पुन्हा लाल पावलं. मागच्या दारापासून चुलीपर्यंत, तिथून पडवीकडे.

“तन्वी, कुंकवाच्या ताटात पाय घातलास?”

तिने जमिनीवर बसून दोन्ही तळवे वर करून दाखवले. अगदी स्वच्छ. “मी नाय,” ती आतेसारखंच म्हणाली.

मग मी खाली वाकले. पावलं मोठी होती. सगळी एकाच पायाची, उजव्या. आणि रंग कुंकवाचा नव्हता.

आते पडवीत फतकल मारून तिसऱ्या निवडत होती.

“आते, पाय दाखय बघूया.”

“कित्याक? ह्या वयात माझे पाय बघून काय करतलंस?”

मी पाय धरून वळवलाच. अंगठ्याखाली उभी चीर होती आणि तिच्यात कालवाच्या शिंपेची धारदार कपची अजून तशीच रुतलेली. मी ती चिमटीत धरून ओढली. आते एकीकडे मेलेल्या तिसऱ्या बाजूला टाकत होती.

“काढलंस?” तिने विचारलं. “माका काय दुखूक नाय.”

“दुखूक नाय म्हणानच माका भंय वाटता.”

“तुका सगळ्याचाच भंय वाटता. पाण्याचा, वाऱ्याचा, आता माझ्या पायाचा. ह्या तुझ्या लादयेन चुगली केल्यान बघ माझी.” आणि ती हसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी साखर तपासली. मग आतेला डोळे मिटायला सांगून एक टोकदार काडी हातात घेतली. अंगठा, टाच, चवडा. दोन्ही पाय.

“आजी, टोचलेलं कळलं की सांगा.”

आते डोळे मिटून ताठ बसली होती. शाळेत परीक्षा द्यायला बसावं तशी. बराच वेळ गेला.

“टोचा मरे,” ती म्हणाली. “कधीची वाट बघतंय मी.”

डॉक्टरांनी काडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. जखम भरेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, खरं तर पुढेही नाही. रोज तळवे बघायचे; स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याने बघायचे. चिघळलं तर पाय वाचवणं कठीण जाईल. ते शांतपणे सांगत होते, आणि आते त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

आम्ही रिक्षाने परत निघालो. रस्ता खाडीच्या कडेला आला. सुकती लागली होती. दूर पाण्यात चार-पाच बायका कंबरेपर्यंत उभ्या होत्या, अंग किंचित हलवत, पायांनी तळ शोधत.

“म्हणजे तिसऱ्यो आसत थंय,” आते म्हणाली.

“काय?”

“आसत गो. माझ्या पायाकच लागनत नाय. त्या पद्मावतीक मी उगीच चोरटी म्हटलंय.”

रिक्षा वळली तरी ती मान वळवून तिकडेच बघत राहिली.

संध्याकाळी मी कौस्तुभला फोन केला. तारीख पुढे ढकलूया म्हटलं. तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.” तन्वी माझ्या मांडीवर होती, तिने पडद्यावरच्या त्याच्या नाकावर बोट ठेवलं आणि ‘फोनातलो बाबा’ म्हणून मला दाखवला. आते ऐकत होती.

“चेडवाक बापूस होयो,” ती फोन ठेवल्यावर म्हणाली. “तू रवान काय करतलंस? माझे पाय उशाक घेवन निजतलंस?”

“मगे घराक कुलूप लावया. तू माझ्या आयेकडे रव.”

“काजयेत? थंय माका पाण्याचो आवाजसुदीक येवचो नाय.”

“मगे सांग माका, खाडयेत उतरूचंय नाय म्हणान.”

“उतरूचंय नाय. जा.”

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी मालवणातून तिच्यासाठी मऊ सँडल आणल्या होत्या. निघालो त्या सकाळी त्या दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. नव्या घरात चपला घालून फिरू नये, असं तिने तन्वीला समजावलेलं. मी तिला तिथेच त्या घालायला लावल्या. गाडी वळेपर्यंत तरी तिच्या पायांत होत्या.

आता इथे बहारीनला खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. तन्वी बापाच्या खांद्यावरून उतरत नाही. मी रोज आतेला फोन करते. तिचा चेहरा दिसतो, मागे पांढरी भिंत दिसते. “पाय दाखय,” म्हटलं की दूध उतू जातं, नाहीतर दाराशी कोणीतरी येतं. तिचा केसांचा अंबाडा हल्ली दुपारच्या फोनवर ओला असतो. आंघोळ उशिरा केली, म्हणते. पद्मावतीकाकी लेकीच्या बाळंतपणाला गोव्याला गेल्या आहेत, त्या असत्या तर त्यांना पाठवलं असतं.

तुमच्यापैकी कितीतरी जण तोंडवलीला समुद्र बघायला जातात. गेलात तर थोडं मागे वळून खाडीच्या बाजूला या. निळं फाटक आहे. तुळसाआते म्हणून हाक मारा, किशोरीने पाठवलं म्हणा. ती चहा करेल, तो घ्या. ‘माका काय्येक जावक नाय’ असं ती सांगेल; ते खरं मानू नका. पडवीत खुंटीला टोपली आहे, तिला हात लावून बघा, ओली आहे का. मग आतेला पायरीवर बसवा आणि उजवा पाय हातात घेऊन अंगठ्याखाली बघा. ती पाय लुगड्याखाली ओढून घेईल. तरी बघा.