दीपंकर नको, देवांश ठेवा

बेळगावात टिळकवाडीतल्या रघुवीर वकिलांच्या घरी रविवारी नातवाचं बारसं होतं. सकाळपासून घुगऱ्या शिजत होत्या, खडेबाजारातून दोन किलो कुंद्याची मिठाई आली होती, आणि दिवाणखान्यात वकिलांची मुलगी सौम्या पाळण्यामागच्या पडद्यावर थर्माकोलची सोनेरी अक्षरं टाचत होती. नाव ठरलं होतं दीपंकर.

आमच्या या सीमाभागात नावांना एकेकाळी वळण होतं. भरमूचा नातू भरमू, आण्णाप्पाचा नातू आण्णाप्पा. मग ‘सूरज’ या नावाची लाट आली. आता मराठी घर असो की कानडी, निपाणी असो की संकेश्वर, नावं मोबाइलवर उगवतात. बालवाडीच्या दारात ‘देवांश’ म्हणून हाक मारा, चौघं धावत येतात. म्हणून बाळाच्या बापाने, वकिलांचा मुलगा चिन्मय याने, तीन आठवडे याद्या चाळून ‘द’ अक्षरावरून हे नाव शोधलं होतं. “दिवा लावणारा! अख्ख्या बेळगावात दुसरा सापडणार नाही,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. त्याची बायको अदिती तर बाळाला नाव सापडल्या दिवसापासून त्याच नावाने थोपटत होती.

दहाच्या सुमारास उपासना आली. अदितीच्याच कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवते. मूळची निपाणीची, बौद्ध घरातली. अदितीच्या रजेत तिचे तास हिनेच घेतले होते. या घरात तिचं येणं-जाणं होतं, जेवणखाण होतं, आणि ते वकील चारचौघांत आवर्जून सांगत. “आमच्यात तसलं काही नाही बघा,” हे त्यांचं आवडतं वाक्य.

पडद्याकडे नजर जाताच उपासना हरखली. “अय्या, दीपंकर! माझ्या भावाचं नाव की हे!”

“हो का?” वकील हसले. “म्हणजे बऱ्यापैकी प्रचलित आहे म्हणायचं.”

“आमच्यात लई आहेत काका. आमच्या गल्लीतच तीन दीपंकर!”

वकिलांचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. उपासना बाळाला घ्यायला आतल्या खोलीत वळली. पाचच मिनिटांत स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन घरातली मंडळी गॅसजवळ उभी राहिली.

“बदला नाव,” वकील म्हणाले. “आपण जात मानत नाही, पण लोक मानतात. उद्या शाळेत हजेरी घेताना मास्तर काय समजतील?”

“पोराच्या लग्नाच्या वेळी अडचण नको,” वकिलांच्या बायकोने, विनोदिनीकाकूंनी, री ओढली. दीड महिन्याच्या पोराचं लग्न!

“देवांश ठेवा. सेफ आहे,” चिन्मय म्हणाला. तीन आठवड्यांचा त्याचा अभिमान तीन मिनिटांत विरघळला. अदितीकडे सगळ्यांनी पाहिलं. ती नारळाच्या वाटीकडे बघत म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.”

मला या घराची किळस येते ती इथे. दारातून हाकलणारा निदान ओळखू तरी येतो. ही माणसं ताट वाढतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि तुमच्या घरातलं एक नाव पोराला चिकटेल म्हणून घाबरून हात धुतात.

जरा वेळाने उपासना केळ्याच्या साली टाकायला मागच्या दारी गेली. कचऱ्याच्या बादलीत काकडीच्या सालींवर, चहाच्या चोथ्याखाली सोनेरी अक्षरं पडली होती. ती तिथेच उभी राहिली. मागून विनोदिनीकाकू आल्या, गडबडल्या, मग तिच्या दंडाला धरून लाडाने म्हणाल्या, “ऐन वेळी गुरुजींनी सांगितलं हो, दुसरं ठेवा म्हणून. तुला वाईट नाही ना वाटलं?”

त्यांना एवढंच ऐकायचं होतं, ‘छे छे काकू’. ते ऐकून त्या मोकळ्या मनाने कुंदा वाटणार होत्या.

“वाटलं,” उपासना म्हणाली. “लई वाटलं.”

ती दिवाणखान्यात आली. पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. आवाज न चढवता ती वकिलांना म्हणाली, “काका, माझ्या आज्ज्यानं माझ्या वडलांचं, आप्पांचं, नाव रघुनाथ ठेवलं होतं. शाळेत घालायला नेलं तर मास्तर म्हणाले, ‘असली नावं तुमच्यात कुठली रं?’ आणि त्यांनी कचरू लिवलं. आप्पांच्या आधारकार्डावर आजबी कचरूच हाय. त्याच माणसानं तंबाखूच्या वखारीत राबून आम्हास्नी शिकवलं. पोराचं नाव मात्र कुणाला न विचारता, बुद्धाचा ग्रंथ उघडून, स्वतः ठेवलं. तवा तुमची नावं आम्हाला ठेवू दिली न्हाईत. आता आमचं तुम्हाला चालत न्हाई.”

“अगं, गैरसमज होतोय तुझा,” वकील म्हणाले. “तू तर घरचीच आहेस.”

“व्हय. म्हणूनच कचऱ्याची बादली दिसली.”

चपला घालून ती निघून गेली. कुणी थांबवलं नाही. विनोदिनीकाकूंनी खुणावलं आणि सौम्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली. आत्याच्या पाठीवर ‘कुर्र’ करून थापट्या मारायला बायकांनी हात उचलले.

“थांबा वन्सं.” अदितीने पाळण्याची दोरी धरली होती. “नाव दीपंकर आहे.”

“अदिती, हे नंतर बोलू,” चिन्मय दातांतून म्हणाला.

“नंतर कधी? सकाळपर्यंत तुझंच लाडकं होतं ना ते? मघाशी आत मी गप्प बसले, त्याची मला लाज वाटतेय. तुला वाटत नाही?”

चिन्मय बापाकडे बघत राहिला. अदिती स्वतः वाकली, बाळाच्या कानात तीनदा नाव म्हणाली, आणि मग उभी राहून चौथ्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. एकाही बाईने थापटी मारली नाही. अर्ध्या पाहुण्यांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

सोमवारी जन्मदाखल्यावर तेच नाव घालण्यासाठी ती बाळाला घेऊन एकटीच महापालिकेत गेली. उपासना त्या घरात पुन्हा आलेली नाही. बाळाला घेऊन अदितीच तिच्याकडे जाते, आणि दाराशी पोचल्यावर दर वेळी तिचा पाय जरा अडखळतो. माफी एका दिवसात मिळत नाही, हे तिला कळलं आहे.

पोरगं आता नऊ महिन्यांचं झालं आहे, घरभर रांगतं. वकिलांचा नातवावर जीव आहे, त्यात खोट नाही. पण ते नाव त्यांच्या जिभेवर येत नाही. संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून ते टाळ्या वाजवतात, “ये बाळ, ये राजा, ये सोन्या.” पोरगं पाठमोरंच खेळत बसतं. स्वयंपाकघरातून अदिती “दीपंकर” म्हणते, आणि ते खुदकन हसून वळतं, आजोबांच्या खुर्चीजवळून रांगत आईकडे जातं.