खाऱ्या नहरीचं गाव

माझा धाकटा भाऊ खुशाल जहाजावर भटाऱ्याच्या हाताखाली राबून अठ्ठ्याहत्तर साली सिहोऱ्याला परत आला, तो एक गाव डोक्यात घेऊनच. भूमध्य समुद्रावरचं कुठलंसं बंदर. नाव त्याला उच्चारता येई, आम्हाला नाही. तिथे म्हणे रस्त्यांच्या जागी नहरी. दारात बैल बांधावा तशी नाव बांधलेली. बायका खिडकीतूनच मासोळ्या घेतात. सणाला बाप्ये पांढरे कपडे घालून नावेवर चढतात आणि बांबूने एकमेकांना पाण्यात ढकलतात. भांडण नसताना.

"त्या नहरीवर धान किती होते?" तलावाचं पाणी वाटणाऱ्या वासुदेवरावांनी विचारलं.

"धान नाही होत. पाणी खारं हाये."

"मंग नहर कायले खोदली?"

गावाने त्याला थापाड्या ठरवून टाकलं. धान न पिकवणारी नहर आमच्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही. माझ्याही उतरली नव्हती.

मला घोर वेगळाच होता. लग्न झालं नाही तर हा पुन्हा जहाज धरणार. आईबाप गेल्यावर मला तो एकटाच. म्हणून कारध्याचे आनंदराव आपल्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा मी त्याला बजावलं, "त्या गावाचं नाव काढू नको."

पोहे संपायच्या आत त्याने ते काढलं. मोठी नाव आली की तिथला पूल मधोमध उघडून वर उभा राहतो, हेही सांगितलं. मी कपातल्या चहाकडे पाहत बसलो.

"मंग लोक काय करतेत?" आनंदरावांनी विचारलं.

"दोन्हीकडं थांबतेत. शिव्या देतेत. मंग बिडी पेटवतेत, आन् इकडचे तिकडच्याशी गोष्टी करतेत."

वैनगंगेला पूर येऊन पूल बुडाला की आनंदराव कारध्याच्या काठावर हेच करत. त्यांनी मान डोलवली. "बरोबर हाये. असंच असते."

माझा जीव भांड्यात पडला.

निघताना त्यांनी मला अंगणात बाजूला घेतलं. "तेजरामभाऊ, पोरगी नाही देत मी."

"काहून? तुमाले तर पटलं ना?"

"पटलं म्हणूनच. थापाड्या असता तर दिली असती. थापाड्या घरीच राहते. याचं मन तिकडं हाये. हा जाईनच."

मला त्यांचा राग आला. ते खरं बोलत होते, याचा जास्त आला.

तेवढ्यात त्यांना एसटीपर्यंत सोडायला खुशाल त्यांची पिशवी घेऊन बाहेर आला. इतकं खूश मी त्याला तो परत आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"भाऊ," तो माझ्या कानाशी म्हणाला, "त्यायले पटलं."

"हो," मी म्हटलं. "पटलं."