माझ्या एकटीचाच रंग ताजा

मी एक जुनी लाल मूठ आहे. भुयारी रेल्वेच्या डब्यात, दाराच्या शेजारी मला बसवलेलं होतं. संकट आलं की मला खाली ओढायचं आणि गाडीने थांबायचं, एवढंच माझं काम. लोक मला साखळी म्हणतात. माझ्यात साखळीची एक कडीसुद्धा नाही, पण म्हणोत बापडे. नावाचा राग मला कधी आला नाही. राग आला तो पुढे, आणि तो अजून गेलेला नाही. तेव्हा मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, ही तशी नाही.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. तिथला म्हातारा कारागीर माझा साचा हातात घेऊन बराच वेळ बघत बसला होता. मग जोडीदाराला म्हणाला, "हिला ओढणारा माणूस घाबरलेला असणार. घाबरलेल्या माणसाच्या हाताला घाम येतो. खाचा आणखी खोल कर." त्या खाचा आजही माझ्या अंगावर आहेत. माझा विचार मनापासून करणारा तो पहिला माणूस, आणि फार वर्षं तोच शेवटचा.

डब्यात बसवल्यावर माझ्या खाली एक पाटी लावली. दंड आणि कैद हे शब्द मोठ्या अक्षरांत, 'संकटात ओढा' हे बारीक अक्षरांत. मदतीला ठेवलेली मी, पण लोक मला पोलिसासारखं टाळू लागले. एकदा मात्र एका आजोबांच्या छातीत कळ आली आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मला ओढलं. गाडी थांबली, चालक धावत आला, आजोबा वाचले. त्या दिवशी डब्यातल्या कितीतरी जणांनी मला हात लावून पाहिलं. मी फुशारून गेले होते. पण गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या दिवशी माझ्यावर पुन्हा ओल्या छत्र्या लटकू लागल्या.

वर्षं गेली तसे माझ्या रंगाचे पोपडे निघाले. गाडी बाहेरून दर वर्षी नटायची, आणि आत मी गंजत होते. खोटं कशाला बोलू? मला रंगाची फार हौस होती. रंगारी डब्यात शिरला की वाटायचं, आज आपला नंबर. तो दारावर ब्रश फिरवायचा आणि निघून जायचा.

मग काही टवाळखोरांना मला गंमत म्हणून ओढायची सवय लागली. गाड्यांना उशीर होऊ लागला. कारशेडमधल्या मोठ्या साहेबांनी त्यावर उपाय काढला. मला ब्रेकशी जोडणारी तार सोडवून ठेवायची. या डब्यातल्या सगळ्याच मुठींची, आणि तात्पुरती. फिटर थबकला. "साहेब, मग हिचा उपयोग काय?"

"दिसते ना?" साहेब म्हणाले. "तेवढं पुरे."

मित्रांनो, हे वाक्य मी रोज आठवते. तात्पुरतं म्हणून केलेलं ते काम तसंच राहिलं. मी रोज हजारो माणसांना दिसत राहिले. ती माझ्या भरवशावर प्रवास करत होती आणि माझ्या मागे काहीच नव्हतं.

आमच्या डब्यातून एक शिवणकाम करणारी बाई यायची. गिऱ्हाइकांचे कपडे भरलेली मोठी पिशवी तिच्या गळ्यात तिरकी अडकवलेली असे. त्या दिवशी ती गर्दीतून कशीबशी फलाटावर उतरली, पण पिशवी मागे आतच राहिली. दार बंद झालं. पट्टा इतका पातळ की मध्ये काही आहे हे दाराला कळलंच नाही. गाडी हलली.

ती आधी गाडीबरोबर चालली, मग धावली, मग पडली. काचेतून तिचे डोळे आत बघत होते. आतली माणसं ओरडत होती, पण हात कुणाचा पुढे येईना. सगळे माझ्याकडे बघत, मग पाटीकडे, मग एकमेकांकडे. तेवढ्यात मागून एक सुतारकाका लोकांना ढकलत आले आणि त्यांनी मला ओढलं. मला कुणी ओढलं तर कळावं म्हणून लावलेलं सील तुटलं. मी खाली आले, पार खाली. गाडी पळतच राहिली. त्यांनी मला वर करून पुन्हा ओढलं, माझ्यावर अक्षरशः लोंबकळले. त्यांच्या तळहाताला घाम होता, आणि त्या खोल खाचांमुळे हात निसटला नाही. म्हाताऱ्या कारागिराने त्याचं काम चोख केलं होतं. फलाटाच्या टोकाला कठडा आला, बाई त्याच्यावर आदळली आणि तेव्हा कुठे पट्टा तुटला.

पुढचं मला कोर्टात कळलं. बाईचा उजवा पाय गुडघ्यात मोडला होता. पायमशीन चालवून घर चालवणारी ती! इस्पितळात कंपनीचा माणूस फुलांचा गुच्छ घेऊन आला. सोबत एक कागद होता. चूक माझीच, माझी काही तक्रार नाही, असं त्यावर लिहिलेलं. सही केली की औषधपाण्याचा खर्च मिळणार होता. तिचा दादा म्हणाला, सही करून टाक, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून वकील होती. तिला हे ऐकवेना. तिने पेन बाजूला ठेवलं आणि दादाला सगळं समजावलं. दुखणं किती लांबेल ते कळण्याआधी कशावरही सही करायची नाही. डॉक्टरांचे कागद जपायचे, तुटलेला पट्टाही जपायचा. डब्यात कोण कोण होतं ते शोधायचं. दावा लावायला मुदत असते, ती टळू द्यायची नाही. आणि थोडी चूक आपली निघाली, तरी दुसऱ्याची चूक त्याने पुसली जात नाही.

मग वकीलबाईंनी कंपनीला नोटीस धाडली, डबा आहे तसाच ठेवा, कशालाही हात लावू नका. ती वाचूनच साहेबांना हात लावायची आठवण झाली. फिटर आला. त्याने मान खाली घालून माझी तार जोडली आणि नवं सील लावलं. इतकी वर्षं न झालेलं काम एका दुपारी झालं! मग रंगारी आला आणि त्याने मला लालभडक रंगवलं. ज्या रंगासाठी मी आयुष्यभर झुरले तो मिळाला, आणि कशासाठी? खोटं बोलायला. त्या रंगाची मला किळस आली.

कोर्टात कंपनीचे वकील म्हणाले, मूठ ओढली असती तर गाडी थांबलीच असती. सील शाबूत आहे, तार जोडलेली आहे. म्हणजे कुणी ओढलीच नाही. बाई निष्काळजी आणि प्रवासी निर्दय, कंपनीचा दोष काय? सुतारकाकांनी शपथेवर सांगितलं की मूठ त्यांनी स्वतः ओढली होती. त्यांना विचारलं गेलं, पुरावा काय? ते नुसते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

तेव्हा वकीलबाईंच्या अर्जावरून न्यायाधीशांनी त्या डब्यातल्या सगळ्या मुठी तारांसकट मागवल्या. आम्ही बहिणी टेबलावर रांगेत मांडल्या गेलो. बाकीच्या फिकट, पोपडे निघालेल्या, त्यांच्या तारांची सुटी टोकं गंजलेली. मध्ये मी एकटी चकचकीत, नवी तार घेऊन. साहेब म्हणाले, ही नेहमीची देखभाल आहे.

"मग बाकीच्यांची का नाही केलीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

मग फिटरला बोलावलं. तार कुणी सोडायला लावली आणि कधी जोडली, हे त्याने रडत रडत सांगितलं. निकाल बाईच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली, आमच्या तारा जोडण्याचा हुकूमही निघाला. गुडघा मात्र पहिल्यासारखा वळणार नाही. साहेब अजून साहेबच आहेत, फक्त दुसऱ्या खात्यात.

निकालानंतर बाई कुबड्या टेकत सुतारकाकांपाशी गेली. "इतके महिने मला वाटायचं, सगळे नुसते बघत राहिले," ती म्हणाली. "गाडीपेक्षा मला त्याचाच राग होता."

"मी मागे होतो, ताई. तुम्हाला दिसलो नसेन. दोनदा ओढली मी."

तिने टेबलावरून मला उचललं आणि त्या खोल खाचांत एकेक बोट बसवून बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

मित्रांनो, आता मी पुरावा म्हणून कोर्टाच्या कपाटात पडून आहे. तुमच्या डब्यात माझी एखादी बहीण असेल. तिच्या रंगावर जाऊ नका. हिच्या मागे तार आहे का, असं मोठ्या माणसांना खडसावून विचारा. विचारल्याबद्दल दंड होतो असं कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही. आणि कुणी म्हणालं, 'दिसते ना, तेवढं पुरे,' तर माझी आठवण ठेवा. मीसुद्धा सगळ्यांना दिसतच होते.