सपाटच्या एप्रनचा खिसा

गुरुवारी दुपारी यल्लव्वाचा फोन वाजला तेव्हा तिच्या दातांत दोरा होता. मंगळवार पेठेतल्या तिच्या पार्लरमध्ये एक नवरी खुर्चीत मान मागे टाकून बसली होती आणि तिची डावी भुवई अर्धी झाली होती. अशा वेळी यल्लव्वा बोलू शकत नाही. तिनं कोपऱ्यात बसलेल्या आपल्या लेकीला, दीक्षाला, हनुवटीनं खूण केली. वाच म्हणून.

दीक्षानं मांडीवरचा टॅब बाजूला ठेवला आणि मेसेज मोठ्यानं वाचला.

"मावशी, रविवारी येऊ नका. मी जट कापणार न्हाय. सपाटच्या हाती लागणारी मी न्हवं. सौंदर्या, गारगोटी."

शेवटचं वाक्य वाचताना तिचा आवाज खाली गेला. यल्लव्वानं दोरा दातांतून सोडला.

"हा सपाट कोण?"

दीक्षानं बाजूचा टॅब पालथा केला. नवरी म्हणाली, "काकू, माझी भुवई."

सौंदर्या ही गारगोटीच्या बाजारपेठेतले भांड्यांचे व्यापारी रुद्रय्या यांची मुलगी. वय वीस. सोळाव्या वर्षी टायफॉईडनं ती महिनाभर अंथरुणावर होती. केस विंचरले गेले नाहीत, त्यांचा गुंता झाला, गुंत्याची जट झाली. घरातल्या आत्यानं, अक्काताईनं, ते देवीचं बोलावणं ठरवलं. जटेला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच, दर मंगळवारी हळद लावायची. चार वर्षांत जट कमरेखाली गेली आणि धुतल्यावर दोन दिवस वाळेना. मान सतत दुखायची. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला सुईनं रक्त घेताना सौंदर्याचा उजवा हात बधिर व्हायचा. मानेवरचं वजन काढा, एवढंच डॉक्टर सांगत होते. वर्षाअखेरीस प्रॅक्टिकल होतं आणि हात असाच राहिला तर ती पास होणार नव्हती.

यल्लव्वा एका संघटनेबरोबर गावोगाव जाऊन जटा काढण्याचं काम करायची. पार्लर चालवणाऱ्या बाईला केसांचं कळतं, म्हणून तिला बोलावलं गेलं होतं आणि मग ती त्यात राहिलीच. लोक तिला नावावरून टोचायचे. नाव यल्लव्वा आणि यल्लमा देवीच्या जटा कापत फिरते. ती म्हणायची, नाव आजीनं ठेवलं, काम मी ठेवलं. तिच्या आजोळी भिंतीवर बुद्ध होते आणि आजीच्या ट्रंकेत देवीची परडी होती. दोन्ही तिनं जवळून पाहिलं होतं.

सौंदर्यानं हो म्हणावं म्हणून ती गेलं वर्षभर गारगोटीला जात होती. मागच्या महिन्यात सौंदर्या हो म्हणाली. येता रविवार ठरला होता.

नवरी गेल्यावर यल्लव्वानं टॅब मागितला.

दीक्षा दर शुक्रवारी इन्स्टाग्रामवर एक चित्रकथा टाकायची. नाव ‘निराळे’. त्यातली काही माणसं जन्मतःच काहीतरी वेगळं घेऊन आलेली. कुणाला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, कुणाच्या तळहातातून उजेड पडतो. बाकीचं शहर त्यांना घाबरतं. त्यांना खोली भाड्यानं देताना आधी तळहात दाखवायला सांगतात. हे दीक्षानं कल्पनेतून काढलं नव्हतं. शिकायला पुण्यात होती तेव्हा घरमालक तळहात नव्हे, आडनाव विचारायचे, आणि ते ऐकलं की खोली कालच गेलेली असायची.

कथेची नायिका जटा. तिची जट जिवंत होती, दोरखंडासारखी लांब व्हायची. चौथ्या भागात तिनं पंचगंगेच्या पुलावरून खाली निघालेली एसटी जटेनं धरून ठेवली होती. आणि खलनायक सपाट. त्याला नाक, डोळे, तोंड काही नाही. चेहरा पाटीसारखा कोरा. तो निराळ्यांना पकडून सर्वांसारखं करतो. तळहात विझवतो, कान बुजवतो. जटाच्या मागे तो कात्री घेऊन आहे.

यल्लव्वानं चष्मा नाकावर घेतला आणि सगळे भाग पहिल्यापासून वाचले. मध्ये एक बाई केस धुवायला आली, तिला तिनं बसवून ठेवलं.

"चांगलं काढलंयस," ती म्हणाली. "एसटी तर खरी वाटती. मागचा दिवा फुटका दाखवलायस."

मग तिनं सपाटचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं. पांढरा एप्रन. छातीवर तिरका खिसा, त्यात कात्री आणि दांड्याचा कंगवा.

"हा खिसा माझ्या एप्रनचा हाय."

दीक्षानं चित्राकडं पाहिलं, मग आईकडं. खिसा तिरका होता, कारण तो यल्लव्वानं घरी शिवताना चुकला होता.

"मी मुद्दाम नाही गं काढला."

"मुद्दाम काढला असतास तर नीट काढला असतास."

"आई, तसं नाही. गोष्टीत जो येऊन म्हणतो ना, तुला सगळ्यांसारखं करतो, तो वाईटच असतो. असायलाच पाहिजे. उद्या मला कुणी म्हणालं आडनाव बदल, म्हणजे खोली मिळेल, तर?"

"त्याला जोड्यानं हाण. पण आडनावानं तुझी मान दुखती का?"

दीक्षानं चित्र पुन्हा लहान केलं. मग म्हणाली, "उद्याच्या भागात बदलते. सपाट मुळात चांगला होता असं दाखवते. जटा स्वतःच जट कापून घेते. ती वाचेल आणि ऐकेल."

"म्हणजे आधी चित्रानं तिला इकडं ढकललं, आता तिकडं ढकलणार. गाडा हाय व्हय ती पोरगी?" यल्लव्वानं टॅब परत दिला आणि थांबलेल्या बाईच्या मानेखाली टॉवेल सरकवला. "काय काढू नको तू."

त्या शुक्रवारी ‘निराळे’चा भाग आला नाही.

रविवारी सकाळी यल्लव्वा पिशवी घेऊन निघाली, तेव्हा दीक्षा चप्पल घालून दारात उभी होती.

"तिनं येऊ नका म्हटलंय की."

"कापायला येऊ नका म्हटलंय. चहाला नको म्हटलेलं न्हाय."

आईबरोबर या कामाला दीक्षा कधी गेली नव्हती. बिद्रीच्या अलीकडं एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. मुदाळ तिट्ट्याला यल्लव्वानं भाजके शेंगदाणे घेतले. पिशवीत कात्री होती का, हे दीक्षानं विचारलं नाही.

रुद्रय्यांचं घर दुकानाच्या वरच होतं. ते गल्ल्यावरून उठून जिन्यापर्यंत आले.

"या पावणं. पोरगी न्हाय म्हणालीया, माहीत हाय न्हवं?"

"माहीत हाय, अण्णा."

"मग बरं झालं. मी मधी पडत न्हाय. एकीकडं बहीण हाय आणि एकीकडं पोरगी. मी पातेली इकतो."

वर अक्काताई सोप्यावर बसली होती. कपाळभर विभूती, हातात वाती. तिनं यल्लव्वाला या म्हटलं नाही, पण चहा टाकायला स्वतः उठली. सौंदर्या आतून आली. ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली, मान एका बाजूला किंचित कललेली. बसताना तिनं जट हातात उचलून मांडीवर घेतली, जसं कडेवरचं मूल घ्यावं.

"ही कोण?"

"माझी लेक. दीक्षा. त्या जटाची चित्रं हीच काढती."

सौंदर्यानं तोंडावर हात ठेवला. मग हसली. तिच्या वर्गातल्या मुलींना तिनं चौथा भाग दाखवला होता. एका मुलीनं म्हटलं होतं, ही तर तूच.

"तुम्हाला म्हणून सांगते ताई. चार वर्षं एसटीत एक तर माणसं माझ्या पाया पडत्यात, न्हाय तर शेजारनं उठून जात्यात. बोलत कोण न्हाय. तुमची जटा पहिली, जी देवी पण न्हाय आणि घाण पण न्हाय. आता ही कापली तर मी कोण उरते? कुणीच न्हाय."

काहीतरी बोलायचं म्हणून दीक्षा म्हणाली, "त्या जटेचा तुम्हाला कधी उपयोग झाला?"

"सीट मिळते," सौंदर्या म्हणाली.

आतून अक्काताईच्या खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हसू असावं.

"एक विचारू?" सौंदर्यानं पुढं सरकून विचारलं. "जटा झोपते कशी?"

"म्हणजे?"

"उताणी झोपली तर मानंखाली उंचवटा येतो. कुशीवर झोपली तर जट ओढते. मी बसून झोपते, उशा लावून. तुमची जटा सारखी हवेतच असती. ती घरी कधी जाते?"

दीक्षानं खरं ते सांगितलं. तिनं तिला कधी घरी नेलंच नव्हतं. मग ती विचारत गेली आणि सौंदर्या सांगत गेली. हिवाळ्यात ओल्या जटेची थंडी मणक्यात कशी उतरते, हळदीला मुंग्या कशा येतात, लग्नात लोक कुठं बसवतात. यल्लव्वा चहा पीत राहिली. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"आणि सपाटचा एप्रन," दीक्षा शेवटी म्हणाली, "तो आईचा आहे. मला काढताना कळलं नाही."

सौंदर्यानं यल्लव्वाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही सपाट?"

"नाक हाय की मला," यल्लव्वा म्हणाली.

"कात्री आणलीया?"

"पिशवीत असती. देऊ?"

अक्काताई दारात आली. यल्लव्वानं रुमालातली कात्री काढली, पातं आपल्या मुठीत धरलं आणि कड्यांची बाजू सौंदर्यापुढं केली.

"चित्रात तो हिसकावतो," सौंदर्या म्हणाली. कात्री तिनं घेतली नव्हती.

"चित्र हिचं हाय. मी पहिली काप कधी घेत न्हाय. ती जिची तिनंच घ्यायची. पुढचं मी करते, कारण मागचं आपल्याला दिसत न्हाय. एकदा बाचणीला एका बाईनं तासभर कात्री हातात धरली आणि परत दिली. मी जेवून घरी गेले."

दीक्षा आईच्या मुठीकडं पाहत होती. पार्लरमध्ये ती रोज कात्री पाहायची. असा हात तिनं कधी पाहिला नव्हता.

सौंदर्यानं कात्री घेतली. अक्काताई म्हणाली, "सौंदर्या, ठेव ते. घराला लागंल." खाली दुकानात कुणीतरी कढईचा भाव करत होतं. सौंदर्यानं कात्री एकदा उघडली, मिटली, आणि मांडीवर ठेवली.

"आज न्हाय. पण ही हितंच राहू दे."

"राहू दे," यल्लव्वा म्हणाली.

परतीच्या एसटीत मुदाळ तिट्टा गेल्यावर ती एवढंच बोलली, "चांगली कात्री होती. आता उद्या जुन्यानं भागवावं लागंल."

पुढच्या शुक्रवारी ‘निराळे’चा नवा भाग आला. त्यात मारामारी नव्हती. एसटी धरल्याच्या संध्याकाळी जटा घरी येते. उशा रचते. जट वाळवायला दोन खुर्च्यांवर पसरते. मान चोळते. खिडकीतून पूल दिसतो, त्यावरून बस जाते, जटा ती बघते आणि पुन्हा मान चोळते. संपलं. शेवटी उपदेशाचं एक वाक्य दीक्षानं लिहिलं होतं, ते तिनं टाकण्याआधी खोडलं. खाली वाचकांनी विचारलं, सपाट कुठं आहे, हा कसला भाग.

सौंदर्या आली ती त्यानंतरच्या बुधवारी, भर दुपारी. पार्लरच्या काचेबाहेर रुद्रय्या पाठ करून उभे होते, रस्त्यावरची वाहनं मोजत असल्यासारखे. तिनं ओढणी काढली. केस मानेपाशी वेडेवाकडे तुटलेले होते, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. मान सरळ होती.

यल्लव्वानं कंगवा खाली ठेवला. "एकटीनं केलंस?"

"पहिली काप मी. मागचं आत्यानं."

"अक्काताईनं?"

"दोन दिवस बोलली न्हाय. मग म्हणाली, अर्धं कापून ठेवलंस, हे काय चांगलं दिसतंय व्हय. कात्री घेतली. कापताना रडली. जट हळद लावून वेदगंगेत सोडून आली. अजून म्हणते घराला लागंल. पण काल माझ्या डोक्याला तेल लावून दिलं."

ती खुर्चीत बसली आणि आरशातून दीक्षाशी बोलली.

"शनिवारी प्रॅक्टिकलच्या सरावाला हात परत बधिर झाला. नमुना सांडला. घरी येऊन तुमचा भाग काढला. जटाची मान दुखते तरी ती जट ठेवते, कारण जट तिला कामाची हाय. मी म्हटलं, मला कशाच्या कामाची हाय?"

"आणि ते... कुणीच उरत नाही म्हणालात ते?"

"आज एसटीत सीट मिळाली न्हाय. बिद्रीपत्तूर उभीच होते, मग बसायला मिळालं. शेजारची बाई माझ्या खांद्याला टेकून झोपली." सौंदर्यानं खांदा हलवला, जसा अजून त्यावर भार असावा. "बरं वाटलं."

यल्लव्वा पाण्याचा फवारा मारून केस ओले करू लागली. गुंत्यात राहिलेले हळदीचे कण फरशीवर पडत होते.

दीक्षानं टॅब उघडला. "मग जटाचीही कापायची का? तुम्ही सांगा."

"तिची कशाला?" सौंदर्या म्हणाली. "तिच्या जटेनं एसटी पेलली. माझीनं मला धड झोपू दिलं न्हाय. तिची राहू दे. पुलावर कोण तरी पाहिजे की."

"आणि सपाट?"

सौंदर्यानं आरशात मागं उभ्या यल्लव्वाकडं पाहिलं. यल्लव्वाच्या हातात गारगोटीहून परत आलेली कात्री होती आणि ती पाती प्रकाशात धरून धार गेली का बघत होती.

"सगळे सपाट सारखे नसतील," सौंदर्या म्हणाली. "एखाद्याला चेहरा द्या. जो विचारून कापतो त्याला."

दीक्षा आईकडं बघून काढू लागली. आधी चष्मा काढला, मग त्यामागचे डोळे. खिसा होता तसाच तिरका ठेवला.

"हलू नको सौंदर्या," यल्लव्वा म्हणाली, आणि मान न वळवता मुलीला म्हणाली, "नाक तेवढं नीट काढ."