पेटीवरच्या कुलपाचा संशय

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मित्रांनो, ओळख करून देतानाच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. वाईट वाटून घेऊ नका, माझा कुणावरच नाही. संशय घेणं हाच माझा धंदा आहे आणि त्यात माझी बत्तीस वर्षं गेली आहेत.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, आत खटका बसवला आणि खोक्यात घालून एका दुकानाच्या फळीवर ठेवलं. तिथून एका सुतारानं मला घरी नेलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्या दिवशी ते फार घाईत होते. घरी पोचल्या पोचल्या त्यांनी हत्यारांच्या पेटीला कडी-कोयंडा ठोकला, मला अडकवलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पेटीत रंधे होते, पटाश्या होत्या, करवती होत्या. मिस्त्रींना चोरांची भीती वाटत असणार, असं मी धरून चाललो.

मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. शेजारच्या पोरांनी माझ्यात तारा घालून पाहिल्या, एका उधार मागणाऱ्या गवंड्यानं मला हिसके दिले, पण मी कुणाला दाद दिली नाही. मिस्त्री लोकांना कौतुकानं सांगायचे, की माझी बायको एक वेळ विसरेल पण हे कुलूप विसरणार नाही. बायको आतून काय ते उत्तर द्यायची. पुढे ती गेली, मिस्त्री थकले, कामं कमी झाली. मी पेटीवर धूळ खात पडलो. मग मिस्त्री आजारी पडले.

त्यांना ज्या घरात नेलं, तिथे आजार बरा करत नाहीत. ज्यांच्यासाठी औषध उरलेलं नाही, त्यांचे राहिलेले दिवस दुखण्यावाचून जावेत म्हणून ते शुश्रूषाघर चालवलं होतं. मिस्त्रींना मात्र त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं सांगितलं होतं, की अशक्तपणा आहे, ताकद आली की पुन्हा कामावर जाल. मिस्त्रींनी मान डोलावली आणि पेटी बरोबर हवी म्हणून हट्ट धरला. लेकीला उलट बरंच वाटलं. माणूस हत्यारं बरोबर नेतोय, म्हणजे त्याला काही कळलेलं नाही.

अशा रीतीनं मी खाटेखाली आलो आणि तिथे मला ती बाई दिसली. खांद्याला कापडी पिशवी, हातात वही. नर्स सुई टोचायची, डॉक्टर नाडी बघायचे, त्यांचं काम मला समजत होतं. ही बाई नुसती स्टुलावर बसायची आणि विचारायची. घरी कोण असतं? रात्री कशाची काळजी वाटते? कोण जवळ असलं की बरं वाटतं? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतक्या चौकशा चोर करतात, नाहीतर लांबचे नातेवाईक. सगळे तिला सोशल वर्करबाई म्हणत. मी तिला मनातल्या मनात पिशवीवाली म्हणू लागलो.

लेक नोकरी करून रोज संध्याकाळी यायची. पहिल्याच संध्याकाळी, मिस्त्रींचा डोळा लागलेला पाहून, तिनं पिशवीवालीला बजावलं, की बाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये, ते आशेवर जगताहेत.

"मी आपणहून काही सांगणार नाही, ताई," पिशवीवाली म्हणाली. "पण त्यांनी मला विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

हे असं दोन्हीकडून बोलणारं माणूस मला मुळीच आवडत नाही. मी तिच्यावर आणखी बारीक नजर ठेवली. तिनं लेकीला ऑफिसच्या रजेचा अर्ज लिहायला मदत केली, मिस्त्रींची खाट खिडकीशी हलवून घेतली, दाढी करायला माणूस आणला. मी म्हटलं, आधी गोड वागायचं आणि मग पेटी उचलायची, एवढंच हिचं चाललंय.

मिस्त्री रोज सकाळी पेटी वर घ्यायला लावत, मला उघडत आणि एकेक हत्यार पुसून त्याला काहीतरी चोळत. संध्याकाळी लेक आली की सांगत, आज तेलपाणी केलं, आता लवकरच कामाला लागतो. ती हसायची. मग दोघं पंख्याच्या आवाजावर आणि चहात साखर कमी होती त्यावर बोलत. ती गेली की मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडत. असे तेरा दिवस गेले.

चौदाव्या सकाळी पिशवीवालीनं विचारलं, "काका, बघू का?" आणि सरळ रंध्याला हात लावला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिचं बोट काळ्या, घट्ट ग्रीसनं माखलं. ती बोटाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, की कामाच्या हत्याराला इतकं जाड ग्रीस लावतात का?

मिस्त्रींनी रंधा जवळ ओढला. "नाही," ते म्हणाले. "कामाच्या हत्याराला पातळ तेल. हे ठेवणीतलं. वर्षानुवर्षं कुणी हात लावणार नसेल, तर असं लावतात."

मी त्यांच्या छातीवर किल्लीच्या नात्यानं इतकी वर्षं राहिलो, पण मला हे ठाऊक नव्हतं. त्यांना पहिल्यापासून सगळं कळलेलं होतं. लेकीला धीर राहावा म्हणून ते आशेचं सोंग करत होते आणि त्यांना धीर राहावा म्हणून लेक करत होती. आता ही बाई गावभर सांगणार, अशी माझी खात्री झाली. तिनं फक्त विचारलं, की लेकीला काय सांगायचं राहिलंय. मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. मग ती म्हणाली, की ताईंना उद्या सकाळी बोलवू का, या पेटीच्या वेळेला? मिस्त्री हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. पिशवीवालीनं तिला आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. मिस्त्रींनी गळ्यातली किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. तिनं मला उघडलं, रंधा उचलला आणि तिचा हात थांबला. सुताराच्या घरात वाढलेली मुलगी ती.

"बाबा, हे तर ठेवणीतलं ग्रीस आहे."

"हो."

"तुम्हाला माहीत आहे?"

"आतून पोखरलेलं लाकूड मला बोटानं वाजवून कळतं, बाळा. स्वतःचं अंग कळणार नाही होय?"

पिशवीवाली उठली, पडदा ओढून बाहेर गेली. आता ही पळणार, असं मला वाटलं. ती दाराशी खुर्ची टाकून बसली आणि तासभर तिनं कुणाला आत येऊ दिलं नाही. पहाराच तो. पहारा मला ओळखता येतो.

आत मिस्त्री म्हणाले, "नऊ वर्षांची होतीस. माझी पटाशी घेऊन चौरंग केलास आणि अंगठा कापून घेतलास. मी घाबरलो आणि त्याच दिवशी हे कुलूप आणलं. तुझ्या हातात कसब होतं, बाळा. मी ते बंद करून ठेवलं. चुकलो मी."

मित्रांनो, बत्तीस वर्षं मी चोरांची वाट पाहत होतो. मला आणलं होतं ते एका मुलीला अडवायला. मला लाज वाटली.

त्यानंतर मिस्त्री अकरा दिवस होते. लेकीनं रजा घेतली. पडल्या पडल्या ते तिला पटाशीला धार कशी लावायची ते शिकवत, तिची करवत वाकडी गेली की दम नसतानाही रागावत. दोघं रडत, हसत, भांडतसुद्धा. एका दुपारी तिचा हात धरूनच ते गेले. पिशवीवाली आली. आता तरी ही पेटी मागेल, असं मला वाटलं, कारण सवय सुटत नाही. ती रात्र होईपर्यंत लेकीजवळ नुसती बसली. महिन्यानं ती घरी आली, तीही लेक जेवते का, झोपते का, एवढं विचारायला.

हत्यारांवरचं ग्रीस लेकीनं पुसून टाकलं आहे. पेटी आता उघडीच असते आणि मी खिळ्याला टांगलेला आहे. मला त्याचं फारसं दुःख नाही. दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे. त्या घरात बाप-लेकीला पंचवीस दिवस मिळाले होते आणि त्यातले चौदा पंख्यावर नि साखरेवर गेले. तुमच्या घरी कुणी असं आजारी असेल, तर त्याच्या उशाशी बसा आणि काय सांगायचं राहिलंय ते विचारा. तुम्हाला जमत नसेल, तर असं विचारणाऱ्या बाईला आत येऊ द्या. माझ्या पहाऱ्यातून कधी एक खिळा गेला नाही, पण ते चौदा दिवस माझ्या डोळ्यांदेखत गेले आणि मी तेव्हा भलत्याच माणसावर नजर ठेवून बसलो होतो.